पोर तुमच्या पदरात

मला गप्प बसवणं आमच्या घरात आजवर कुणाला जमलेलं नाही. नवऱ्याने हयातभर प्रयत्न केला, शेवटी ऐकू कमी यायचं सोंग घेतलं. पुढे ते सोंग खरं झालं, पण तो वेगळा विषय. लेक म्हणते, "आई, प्लीज, मध्ये जरा श्वास तरी घे." आणि नात, जिच्या मराठीचा सगळा आनंदीआनंद आहे, ती सरळच सांगते, "आजी, तू किती बोलतो!" बोलतो तर बोलतो. लहानपणचं एक जवळजवळ अख्खं वर्ष माझं बोलायचं राहून गेलंय, ते भरून काढतेय असं समजा. त्या वर्षाबद्दल घरात कुणाला धड माहीत नाही. आईला माहीत होतं, ती गेली. बाबांना अर्धंमुर्धं माहीत होतं, तेही गेले. तेव्हा आता लिहूनच टाकते.

माझे बाबा भूल देणारे डॉक्टर. त्या काळी इकडे इंग्लंडात आलेल्या आपल्या तरुण डॉक्टरांच्या नशिबी सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या असायच्या. एका हॉस्पिटलात सहा महिने काढायचे, तेवढ्यात पुढचे अर्ज, पुढचे इंटरव्ह्यू, आणि जिथे घेतील तिथे बिऱ्हाड उचलून चालू पडायचं. राहायला हॉस्पिटलच्या आवारातच क्वार्टर्स. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघर कॉरिडॉरच्या टोकाला, सगळ्यांत मिळून एक. तळघरातला बॉयलर दिवसभर कण्हत असायचा. बाबांच्या कमरेचा ब्लीप, म्हणजे हॉस्पिटलचं बोलावणं आणणारी डबी, वाजली की हातातला घास ताटात टाकून ते पळायचे. आईने फोडणी दिली की कॉरिडॉरमधलं कुणीतरी खोकायचं, मग आई "सॉरी हं, सॉरी" करत कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडायची आणि स्वतःच कुडकुडत उभी राहायची. तुरीची डाळ मिळायची नाही, म्हणून वरण पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं. याला वरण म्हणणं म्हणजे वरणाचा अपमान आहे, असं बाबा म्हणायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मेतकुटाची बरणी मात्र आई कुलपात ठेवल्यासारखी जपायची, आणि मला ताप आला की मऊ भातावर चिमूटभर घालायची. ताप येण्यात मला तेवढाच रस होता.

इंग्रजी मी शिकले उत्तरेकडे, लँकाशायरमध्ये, गिरणीत काम करणाऱ्यांच्या पोरींबरोबर दोरीवरच्या उड्या मारता मारता. आईबाबांचं इंग्रजी पुस्तकी. माझं एकदम रस्त्यावरचं, ठसक्याचं, तिकडच्या म्हाताऱ्या बायका बसस्टॉपवर बोलतात तसं. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग खाली लंडनकडे, वॉटफर्डजवळच्या एका हॉस्पिटलात बाबांना नोकरी मिळाली, आणि ती चक्क वर्षभराची. आई इतकी खूश झाली की खोक्यातले देव तिने पहिल्यांदाच बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. मी आठ वर्षांची होते. नव्या शाळेत पहिल्या दिवशी मिसेस हार्ली नावाच्या माझ्या वर्गशिक्षिकेने मला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "स्वतःबद्दल काहीतरी सांग बघू." मी सांगितलं. भडाभडा सांगितलं. दोन वाक्यांतच वर्गात हशा पिकला. मिसेस हार्ली तोंडावर हात धरून हसल्या. आता विचार केला तर त्यांचं तरी काय चुकलं? तेल चोपडलेल्या दोन वेण्या घातलेली सावळी मुलगी तोंड उघडते आणि आतून गिरणीतली म्हातारी बोलते, कुणालाही हसू येईल. मलासुद्धा आज येतं. तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी बोलायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, हे आधी सांगते, कारण नंतर सगळ्यांना तेच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं, मी तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. तिसऱ्या दिवशी तसंच. आठवड्याभरात माझ्या शेजारी बसणारी कॅरन नावाची मुलगी बाईंना सांगायला लागली, "ती बोलत नाही, मिस." बस्स. शिक्का बसला. आणि एकदा तो बसला की बोलणं किती अवघड होतं म्हणून सांगू! ज्या दिवशी बोलाल त्या दिवशी सगळी शाळा वळून बघणार, याची खात्री असते. दर दिवशी ती भीती थोडी थोडी वाढत जाते.

मुलं वाईट नव्हती हो. वाईट असती तर कदाचित मी चिडून तरी काही बोलले असते. कॅरनने तर मला दत्तकच घेतलं. "तिला लाल क्रेयॉन हवाय, मिस." "तिला कोबी आवडत नाही, मिस." मला कोबी आवडायचा, तो पाणचट उकडलेला कोबीसुद्धा आवडायचा, पण सांगणार कोण? मैदानात मुली मला मध्ये घेऊन फिरायच्या, माझी वेणी धरायला त्यांच्यात भांडणं व्हायची. शाळेला माझ्या मुकेपणाची सवय झाली, थोडासा अभिमानसुद्धा वाटायला लागला. मिसेस हार्लींनी आपल्या परीने उपाय केला. भिंतीवर तक्ता लावला, आणि हजेरीला नुसतं "येस, मिस" म्हटलं तरी सोनेरी चांदणी द्यायचं कबूल केलं. रोज सकाळी माझं नाव आलं की वर्ग श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघायचा. माझ्या नावापुढचा पट्टा तेवढा रिकामा, पांढराच राहिला.

सगळ्यांत हाल व्हायचे ते बाथरूमचे. जायचं तर हात वर करून विचारायला हवं, आणि विचारणार कसं? म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. दुपारी क्वार्टर्समध्ये शिरले की अंगात कोट तसाच, बूट तसेच, आणि धावत संडास. आई बाहेरून ओरडायची, "अगं, जरा धीर धर! शाळेत काय कुलूप लावतात का?" मी आतून गाणं म्हणायचे. कारण घरात पाऊल टाकलं की माझी जीभ अशी सुटायची की विचारू नका. वर्गात काय झालं, कोण पडलं, जेवणात गुलाबी कस्टर्ड कसं होतं, सगळ्यांचे आवाज काढून दाखवायचे. आई कणीक तिंबता तिंबता हसायची. तिच्या दृष्टीने शाळा झकास चालली होती.

आता यात आईबाबांचा घोळ कसा झाला तो ऐका. पालकसभेला दोघं नटूनथटून गेले. मिसेस हार्ली म्हणाल्या, तुमची मुलगी फार शांत आहे, अगदी फारच शांत, पण त्रास मात्र काडीचा नाही. इंग्रज बाई काळजीची गोष्ट अशीच सांगणार, मखमलीत गुंडाळून. आणि आपली माणसं! शिक्षकांच्या तोंडून "मुलगी शांत आहे" याच्याहून मोठं सर्टिफिकेट ते कुठलं? बाबा तरंगत घरी आले. आईने शिरा केला. दिवाळीला ईलिंगमध्ये आपली मंडळी एका हॉलमध्ये जमली होती, तिथे चकली खाता खाता बाबा जो भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या सुमीचा शाळेत आवाज म्हणून येत नाही! बाई स्वतः म्हणाल्या." आणि एक काकू स्वतःच्या मुलाला चिमटा काढून म्हणाल्या, "बघ, शिक काहीतरी." मी शेजारीच उभी होते, तोंडात अख्खा लाडू कोंबून.

नातीच्या शाळेत, इथे स्टॅनमोरला, मी गुरुवारी दुपारी मुलांचं वाचन ऐकायला जाते. तिथे कॉरिडॉरभर 'रेझिलियन्स'ची पोस्टर्स लावलीत. एकावर उसळणारा चेंडू काढलाय आणि खाली लिहिलंय की पडलात तरी पुन्हा उसळा. असू दे, हेतू चांगलाच आहे, मी काही त्यांची टिंगल करणार नाही. पण त्या चेंडूसमोरून जाताना दर वेळी मनात येतं, अहो, चिवटपणा मुलांना शिकवावा लागत नाही, तो असतोच. तो खर्च कशात होतोय ते बघा. आठ वर्षांच्या पोरीने दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हसरा चेहरा ठेवायचा आणि घरी कुणाला कळू द्यायचं नाही, याहून चिवट काय असणार? माझा सगळा चिवटपणा तोंड बंद ठेवण्यात खर्ची पडला आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

व्हायचं ते ख्रिसमसनंतरच्या टर्ममध्ये झालं. सकाळच्या असेंब्लीत सगळी शाळा हॉलच्या लाकडी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि मला धरवेना. आधी गरम, मग गार. शेजारच्या मुली सरकल्या. कुणी हसलं नाही, ते तर जास्तच वाईट. कॅरन उठून उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "तिची चूक नाही, मिस. तिला विचारता येत नाही." मला शाळेतली जास्तीची चड्डी आणि कुणाचा तरी राखाडी स्कर्ट दिला. घरी मी आईला सांगितलं, सिंकपाशी पाणी सांडलं. आईने विश्वास ठेवला. पण त्याच दुपारी मुख्याध्यापिकांनी हॉस्पिटलला फोन केला, बाबांचा ब्लीप वाजला, आणि संध्याकाळी बाबा टाय न सोडताच माझ्यासमोर पलंगावर बसले. "सुमी, तू शाळेत बोलत नाहीस?"

"बोलते की," मी म्हणाले.

"सप्टेंबरपासून एक शब्द बोलली नाहीस म्हणतात."

"त्यांना ऐकू येत नसेल."

आई दारात उभी होती, पिठाच्या हातांनी. "अहो, काहीतरी गफलत असेल," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल असेल. ही? ही आणि बोलत नाही?"

मुख्याध्यापिकांनी भेटायला बोलावलं होतं. बाबांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनांची लिस्ट लागलीय, मुलीच्या शाळेचं बायकोला बघू दे. म्हणून आई एकटी आली. आतापर्यंत इंग्रजीत बोलायचं झालं की बाबा बोलायचे आणि आई मागे उभी राहून मान डोलवायची. त्या दिवशी ती तिची ठेवणीतली इरकली नेसली, वर बाबांचा जाड कार्डिगन, आणि डब्यात नारळाच्या वड्या. मिस ब्रॅडवेल, म्हणजे मुख्याध्यापिका, उंच, सडसडीत, आवाज मऊ. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ, मुलांच्या मनाचे डॉक्टर म्हणून आलेले. मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकत नव्हते. मिस ब्रॅडवेलनी डबा हातात घेतला, "हाऊ काइंड" म्हणाल्या आणि फायलींच्या कपाटावर ठेवून दिला.

गृहस्थांनी आईला विचारलं, ही घरी बोलते का? आई म्हणाली, "टॉक्स? शी नेव्हर स्टॉप्स!" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, हे मलाही दिसलं. मग मिस ब्रॅडवेल समजावून सांगायला लागल्या. केंटमध्ये समुद्राजवळ एक निवासी शाळा आहे, अशा मुलांसाठी. वर्ग लहान, हवा छान. मुलगी तिथेच राहील, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार घरी. एक-दोन टर्म करून बघू. जागा सध्या आहे, पण लगेच कळवावं लागेल. आई प्रत्येक वाक्याला "येस... येस, आय सी" म्हणत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पांढराफटक पडला होता, पण मान हलत होती.

"तर मग, तुम्हाला काय वाटतं?" मिस ब्रॅडवेलनी विचारलं.

आई उठून उभी राहिली. हात जोडल्यासारखे पोटाशी धरले आणि सावकाश, शब्द निवडून म्हणाली, "शी इज युअर चाइल्ड, मॅडम. यू डू व्हॉट इज राइट. आय हॅव नथिंग टु से."

इथे आईबद्दल सांगायला हवं. लग्नाआधी ती कऱ्हाडजवळ एका शाळेत शिक्षिका होती. तिथे पालक यायचे, पोराला पुढे ढकलायचे आणि म्हणायचे, "बाई, पोर तुमच्या पदरात घातलंय. आता ते तुमचंच. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आमचं काही म्हणणं नाही." आई हे जेवताना कितीदा तरी सांगायची, आणि सांगताना तिचे डोळे चमकायचे. शिक्षकाला यापेक्षा मोठा मान नाही, असं तिचं मत. त्या खोलीत घाबरून, एकटी, परक्या भाषेत, तिला जो सर्वांत मोठा मान माहीत होता तो तिने मिस ब्रॅडवेलना दिला. बदल्यात काय अपेक्षित होतं तेही सांगते. समोरच्या बाईने म्हणायचं असतं, "अहो, असं कसं, आई तुम्ही, तुम्हीच सांगा." मग खरं बोलणं सुरू होतं. पण मिस ब्रॅडवेल कऱ्हाडच्या नव्हत्या. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, "थँक यू, मला कल्पना आहे हे सोपं नाही," म्हणाल्या आणि पेन उचललं.

आई उभीच होती. तिला कळेना पुढे काय झालं.

"नो!"

कोण ओरडलं म्हणून मीसुद्धा दचकले. मग दुसरं वाक्य आलं, आणि ते माझ्याच तोंडातून येत होतं, तसंच ठसक्याचं, गिरणीतलं. "तिला तसं म्हणायचं नाहीये, मिस! ती फक्त मॅनर्सने बोलतेय. तिकडे सगळे असंच म्हणतात. मी हिचीच आहे. तुम्ही लिहू नका!" मी खुर्चीवरून उतरून आईचा कार्डिगन दोन्ही हातांनी धरला होता आणि रडत होते, नाक गळत होतं, पण बोलणं थांबत नव्हतं. बाथरूमचं सांगितलं, चांदण्यांचं सांगितलं, कोबीचंसुद्धा सांगितलं. चष्मेवाले गृहस्थ अर्धवट उठून तसेच राहिले. मिस ब्रॅडवेलनी पेन हळूच खाली ठेवलं आणि आईला विचारलं, "मिसेस कुलकर्णी, हे खरं आहे का? तुम्हाला ती इथेच हवी आहे?"

आई म्हणाली, "येस." इतक्या हळू, की मिस ब्रॅडवेलना पुन्हा विचारावं लागलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "येस. आय वॉन्ट हर."

केंट रद्द झालं. पण दुसऱ्या दिवशी मी वर्गात घडाघडा बोलायला लागले, असं कुणाला वाटत असेल तर सोडून द्या. तसं फक्त गोष्टीत होतं. पुढे कितीतरी आठवडे मी फक्त मिस ब्रॅडवेलच्या खोलीत बोलत असे, तेही दार लोटलेलं असेल तरच. मग तिथे कॅरनला यायची परवानगी मिळाली, मग आणखी एकीला. भिंतीवरचा तक्ता काढला, आणि बाथरूमला न विचारता जायची मुभा झाली, सगळ्याच वर्गाला, म्हणजे माझी एकटीची शोभा नको. मिस ब्रॅडवेलना ते सुचलं याबद्दल मी त्यांना अजून मनातल्या मनात नमस्कार करते. हजेरीला "येस, मिस" मी उन्हाळ्यात म्हटलं, आणि ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गाव बदललं. नव्या शाळेत पुन्हा आवाज फुटेना. दर वेळी हेच. अगदी नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा.

पण मला सांगायचंय ते त्या भेटीनंतरच्या दुपारचं. शाळेबाहेर पडल्यावर आई माझा हात धरून झपाझप चालत सुटली. बसस्टॉपवर बाकावर आम्ही बसलो. थंड वारा, तिच्या निऱ्या फडफडत होत्या. मला वाटलं, आता ओरडा बसणार. मोठ्या माणसांसमोर मी तिला खोटं पाडलं होतं, आणि तेही शाळेत. बस आली, तिने हात केला नाही, बस गेली.

"सुमे," ती शेवटी म्हणाली, "तुला खरंच वाटलं का ग, मी तुला देऊन टाकलं?"

"हो."

"अगं, पण ते नुसतं म्हणायचं असतं. मी तुला किती वेळा सांगितलंय, आमच्या शाळेत लोक कसे म्हणायचे ते. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले. "तरी वाटलं."

आईने मला जवळ ओढलं, इतकं घट्ट की कार्डिगनची बटणं गालाला रुतली. ती रडतेय हे मला तिच्या पोटाच्या हलण्यावरून कळलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "आईबाप माझ्याशी बोलायचे तेव्हा पोरं शेजारीच उभी असायची ग. मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही. त्यांनाही वाटत असेल का ग, असं?"

मी आठ वर्षांची होते. पण त्या दिवशी मला बोलायची सवय लागली होती, म्हणून मी म्हणाले, "हो, वाटत असेल."